विश्लेषण : बूमबॉक्सची हळहळ ठीक, पण जामसरच्या कॅसेटचे काय?

खांद्यावर सुटकेसएवढा टेप, त्यातून दणाणणारा ठेका आणि फुटपाथवर गिरक्या घेणारी पोरे. १९८०च्या दशकातील न्यूयॉर्कचे हे चित्र रील्समधून आजही पुन्हा पुन्हा भेटते. हिपहॉपच्या ‘सुवर्णकाळा’चे गोडवे गायले जातात, जुने बूमबॉक्स हौसेने जमवले जातात. पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यातल्या जामसरसारख्या गावाचा या साऱ्याशी काय संबंध, असा प्रश्न पडेल. संबंध आहे. तो माळ्यावर पडलेल्या जुन्या कॅसेटमधून जातो.

बूमबॉक्सचे एवढे महत्त्व का?

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली. पुढे रेडिओ, कॅसेट प्लेअर, स्पीकर आणि ध्वनिमुद्रणाची सोय एकाच पेटीत आली. मोठे सेल घातले की ही पेटी कुठेही वाजे, विजेच्या जोडणीची गरज नसे.

हिपहॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका इमारतीत झाला, असे मानले जाते. डीजे कूल हर्क याने तिथल्या पार्टीत गाण्यातला फक्त ठेक्याचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटूनपालटून वाजवत लांबवला. ‘रॅपर्स डिलाइट’ हे पहिले गाजलेले रॅप गाणे तबकडीवर यायला १९७९ उजाडले. मधल्या काळात हे संगीत पसरले ते कार्यक्रमांत मुद्रित केलेल्या, हातोहात फिरणाऱ्या कॅसेटमधून. ज्या वस्तीकडे कंपन्यांचे लक्ष नव्हते, तिने आपला आवाज स्वतःच टेपवर घेतला.

मग सुवर्णकाळ कोणता?

साधारण १९८०च्या दशकाच्या मध्यापासून १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंतचा. रन-डीएमसी, पब्लिक एनिमी, राकिम ही त्यातली मोठी नावे. एलएल कूल जे याच्या १९८५ मधील पहिल्या अल्बमचे नावच ‘रेडिओ’ होते आणि मुखपृष्ठावर होता बूमबॉक्स. स्पाइक ली यांच्या ‘डू द राइट थिंग’ (१९८९) या चित्रपटात एक कृष्णवर्णीय तरुण बूमबॉक्स मोठ्याने वाजवत फिरतो. दुकानदार तो फोडतो, हाणामारी होते आणि पोलिसांच्या हातून त्या तरुणाचा जीव जातो. टेपचा आवाज म्हणजे ‘आम्हीही इथे आहोत’ हे सांगणे होते. रील्समधल्या स्मरणरंजनात पेटी दिसते, हे सांगणे मात्र हरवते.

आपल्याकडे काय घडले?

आपल्याकडे हीच पेटी ‘टू-इन-वन’ म्हणून आली. गुंतलेली फीत पेन्सिल घालून गुंडाळण्याची आठवण अनेक घरांत आहे. तबकड्या महाग होत्या आणि त्या बाजारावर एचएमव्हीची पकड होती. १९८०च्या दशकात टी-सीरिजसारख्या कंपन्यांच्या स्वस्त कॅसेटनी ती सैल केली. कोळीगीते, भीमगीते, भजने आणि बोलीभाषांतील गाणी एसटी स्टँडवरच्या टपरीपर्यंत पोहोचली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ‘प्ले’ आणि ‘रेकॉर्ड’ ही दोन बटणे एकदम दाबली, की घरातले लग्न, आजीची ओवी, पाड्यावरचा नाच कोऱ्या कॅसेटवर उतरू लागला.

जव्हार-मोखाड्यात पणाला काय लागले आहे?

इथले संगीत कागदावर फारसे नाही. ते माणसांच्या ओठांवर आणि बोटांत आहे. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांपासून तारपा तयार होतो. भाताची कापणी झाली की तारपकरी मध्ये आणि त्याच्याभोवती हातात हात घालून नाचणारे, असा फेर धरला जातो. वारली लग्नात धवलेरी गाते. तिच्या गाण्यांवाचून विधी पुरा होत नाही. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. एका वादकाचा गौरव झाला, याचा आनंदच आहे. पण जे तारपकरी आणि ज्या धवलेरी कोणत्याही यादीत आल्या नाहीत, त्यांचे आवाज जपणार कोण? काहींचा आवाज कदाचित एखाद्या घरगुती कॅसेटवरच उरला असेल.

कॅसेटची फीत अमर नसते. या डोंगराळ भागातल्या धुवांधार पावसात आणि दमट हवेत तिला बुरशी लागते, चुंबकीय थर सुटू लागतो. नंतरच्या मोबाइलच्या मेमरी कार्डांनीही दगा दिलाच. फोन बदलला, की गाणी गेली.

हिपहॉपकडून काय शिकावे?

जुन्या गोष्टी गोळा करणे आणि नव्या आवाजाला जागा देणे, दोन्ही एकाच वेळी करता येते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने २००७ मध्ये हिपहॉपचा संग्रह सुरू केला. पार्ट्यांची हाताने बनवलेली पत्रकेही तिथे अभ्यासाचे साहित्य आहेत. इकडे मुंबईत ‘स्वदेसी’ या रॅप गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलातील आदिवासी कार्यकर्ते व लोकगायक प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. जमीन आणि जंगलाच्या हक्काचे बोलणे रॅपमध्ये आले, तेव्हा वारली सूर त्यात उपरा वाटला नाही.

आता करायचे काय?

घरात अशी कॅसेट असेल तर आधी तिच्या मागच्या कडेवरचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडावेत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. बुरशी दिसत असेल तर ती वाजवू नये. फीत तर खराब होतेच, शिवाय टेपच्या हेडलाही बुरशी लागते. कॅसेट चांगली असेल तर टेपच्या हेडफोनच्या छिद्रातून साध्या केबलने आवाज संगणकात घ्यावा आणि फाइल ‘वेव्ह’ स्वरूपात दोन ठिकाणी ठेवावी. सोबत गाणाऱ्याचे नाव, पाडा, प्रसंग आणि अंदाजे वर्ष लिहावे. नाव नसलेला आवाज दहा वर्षांनी कुणाचाच राहत नाही. तो इतरांना ऐकवण्यापूर्वी गाणाऱ्याची किंवा त्याच्या घरच्यांची संमती घ्यावी.

हे ओझे एकेका घरावर टाकून मात्र भागणार नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या वाचनालयात किंवा आश्रमशाळेत एक चालू टेप, एक संगणक आणि बोली जाणणारा एक माणूस एवढी सोय झाली, तरी काम सुरू होईल. आदिवासी विकास विभागाच्या खर्चात त्यासाठी जागा निघायला हरकत नाही. बूमबॉक्स उद्याही विकत मिळेल. धवलेरीचा आवाज एकदा गेला, की कोणत्याच बाजारात मिळणार नाही.