भाकरीचं खापर सुनांच्या माथी कशाला?

मंडळी, आमच्या भिवंडीकडच्या आगरी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हल्लीच्या सुनांना तांदळाची भाकरी थापता येत नाही." म्हणणारे काका बहुतेक वेळा लग्नातलं बटर नान मोडत असतात!

आज यावर भांडायचंच ठरवलंय.

आधी ही भाकरी म्हणजे काय ते बघा. तांदूळ धुवायचा, सावलीत वाळवायचा, दळून आणायचा. तांदळात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून पिठाची उकड काढावी लागते आणि ती गरम असतानाच, चटके सोसत मळावी लागते. मग पाण्याचा हात लावत दोन्ही तळव्यांवर थापायची, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, उलटायची, फुगवायची. घरात दहा माणसं असली की हेच वीस-पंचवीस वेळा. याला कसब लागतं राजेहो, नुसती माया पुरत नाही.

आणि तांदूळ तरी घरचा कुठे राहिलाय? मानकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे... जिथे भाताची खाचरं होती तिथे आज गोदामं आहेत आणि दारात कंटेनर. शेजारच्या वाड्याच्या कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान जरूर धरा. पण आपल्या जमिनी कोणी विकल्या? सुनांनी? सातबाऱ्यावर नावं कोणाची होती, ते एकदा बघा. शेत गेलं तेव्हा परंपरा कोणाला आठवली नाही, ती आठवते थेट ताटावर बसल्यावर.

कोणी म्हणेल, मग भाकरी जाऊ द्यायची का? मुळीच नाही. बोंबलाच्या कालवणाला दुसरं काही चालतच नाही, हे मी लिहून देते. मी स्वतः आजही थापते. पण वारसा सगळ्या घराचा असेल तर चटके एकटीलाच का? मटणाचं पातेलं ढवळायला पुरुषमंडळी हौसेने उभी राहतात की! मग परातीशीच का अडतं?

तेव्हा काका, मामा, भावांनो, वाचताय ना? येत्या रविवारी बाह्या सरसावून बसा. पहिली भाकरी फाटेल. फाटू दे. कालवणात कुस्करली की काही कळत नाही.