संज्ञापनाचे शिक्षण : मालकांच्या गरजेसाठी की जनतेच्या?

सार्वजनिक विद्यापीठांतील संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभागांना गेली काही वर्षे एकच उपदेश केला जात आहे. हे शिक्षण व्यावसायिक आहे. ते घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी पैसा मिळवितो. तेव्हा खर्च त्यानेच सोसावा आणि अभ्यासक्रम ‘उद्योगा’च्या गरजेनुसार आखावा! हा युक्तिवाद वरवर हिशेबी दिसतो. परंतु त्या हिशेबातून एक नाव शिताफीने वगळलेले असते. प्रशिक्षित पत्रकार ज्याला आयता मिळतो, त्या वृत्तपत्राच्या वा वाहिनीच्या मालकाचे ते नाव होय.

या उपदेशाचा व्यवहारातील अर्थ दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत दिसून आला. ही संस्था १९६५ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या अखत्यारीत सार्वजनिक पैशाने उभी राहिली. २०२४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०१९-२० या वर्षी तेथील रेडिओ व दूरचित्रवाणी पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाचे शुल्क १ लाख ६८ हजार ५०० रुपये होते. हिंदी व इंग्रजी पत्रकारितेसाठी ते ९५ हजार ५०० रुपये, तर उर्दूसाठी ५५ हजार ५०० रुपये होते. अभ्यासक्रम जेमतेम एका शैक्षणिक वर्षाचा. डिसेंबर २०१९ मध्ये तेथील विद्यार्थी धरणे धरून बसले. त्यांचे म्हणणे साधे होते : एवढे शुल्क गरीब व मध्यमवर्गीय घरांना परवडणारे नाही.

लाभ कोणाचा?

शिकणाऱ्याला भरपूर कमाई होते, हा दावा मालकवर्गाच्या वर्तनानेच खोटा पाडला आहे. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाल्या. वृत्तपत्रांच्या मालकांनी त्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ७ फेब्रुवारी २०१४ रोजी न्यायालयाने मालकांच्या याचिका फेटाळल्या. तरीही अंमलबजावणीसाठी कर्मचाऱ्यांना अवमान याचिका कराव्या लागल्या. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ मध्ये झालेला स्वतंत्र कायदा २०२० च्या श्रमसंहितेत विलीन करण्यात आला आणि पत्रकारांच्या स्वतंत्र वेतन मंडळाची तरतूद नाहीशी झाली. म्हणजे प्रशिक्षणाचा खर्च विद्यार्थ्याने कर्ज काढून करावयाचा, नोकरी कंत्राटी पत्करावयाची आणि कायद्याने ठरलेले वेतनही मालकाच्या मर्जीवर सोडावयाचे. याला ‘स्वयंअर्थसाहाय्य’ म्हणणे ही निव्वळ फसवणूक आहे. हे मालकांना दिलेले अर्थसाहाय्य आहे.

शुल्काचा दुसरा परिणाम अधिक खोल आहे. बातमी कोण लिहिणार, हे प्रवेशाच्या खिडकीशीच ठरू लागते. २००६ मध्ये दिल्लीतील ३७ हिंदी व इंग्रजी माध्यमसंस्थांतील निर्णय घेणाऱ्या ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी झाली. त्यांत एकही दलित वा आदिवासी आढळला नाही. या विषमतेचे शुल्क हे एकमेव कारण नव्हे. परंतु जातीने आधीच अरुंद केलेल्या दारावर पैशाचा अडसर घातला, तर शेतमजुराची मुलगी संपादकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचणार कशी?

अभ्यास कशाचा?

सार्वजनिक विद्यापीठांनी हा विषय हाती घेतला, तो मालकांना नोकर पुरविण्यासाठी नव्हे. लाहोरला पंजाब विद्यापीठात १९४१ मध्ये, नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये आणि पुणे विद्यापीठात १९६४ मध्ये हे शिक्षण सुरू झाले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा प्रयोग झाला. शेती, आरोग्य व शिक्षण यांचे ज्ञान ग्रामीण जनतेपर्यंत कसे पोहोचवावे, हा तेव्हा संज्ञापनशास्त्रापुढील प्रश्न होता. युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाने १९८० मध्ये जगातील माहितीप्रवाहाच्या विषमतेवर बोट ठेवले. १९८४ अखेर अमेरिका युनेस्कोतून बाहेर पडली, त्यामागील वादांत हाही एक वाद होता.

हा इतिहास ‘उद्योगा’ने आखलेल्या अभ्यासक्रमात टिकेल काय? वृत्तपत्रे इतर उद्योगधंद्यांपासून विलग करावीत, अशी शिफारस दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाने १९८२ मध्ये केली होती. ती अमलात आली नाही. २०१४ मध्ये नेटवर्क १८ रिलायन्सच्या ताब्यात गेले आणि २०२२ मध्ये एनडीटीव्ही अदानी समूहाच्या. मालकीचे हे केंद्रीकरण कसे घडते आणि त्याने बातमी कशी बदलते, हा विषय मालकाच्या प्रतिनिधीने बसून ठरविलेल्या पाठ्यक्रमात येण्याची आशा बाळगणे भाबडेपणाचे आहे.

तंत्रकौशल्याला विरोध करण्याचे कारण नाही. कॅमेरा, ध्वनिमुद्रण, संगणक ही साधने कामगाराच्या मुलाच्या हाती आधी आली पाहिजेत. श्रीमंताला ती घरीच मिळतात. विरोध आहे तो कौशल्य शिकवून प्रश्न विचारण्याची शक्ती काढून घेण्याला.

सार्वजनिक म्हणजे सरकारी नव्हे

मालकांच्या कचाट्यातून सुटलेला विभाग सत्ताधाऱ्यांच्या दावणीला बांधणे हाही उपाय नव्हे. आणीबाणीत, १९७६ मध्ये, चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ ही एकच संस्था बनविण्यात आली. जनतेचे कान झाकण्यास तेवढे पुरले. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये म्हटले, तेव्हा त्या सरकारच्या मक्तेदारीत असू नयेत हेही स्पष्ट केले. विद्यापीठाच्या वर्गालाही हेच तत्त्व लागू आहे.

प्रतिकार निष्फळ ठरत नाही, याचे उदाहरण पुण्यात आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये रानडे इन्स्टिट्यूटमधील संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग विद्यापीठाच्या दुसऱ्या माध्यमविभागात विलीन करण्याचा घाट घातला गेला. आजी-माजी विद्यार्थी व पत्रकार यांनी एकमुखाने विरोध केला आणि तो प्रस्ताव थांबवावा लागला.

म्हणून विद्यार्थी संघटना, प्राध्यापकांच्या संघटना आणि पत्रकारांच्या युनियन यांनी पुढील मागण्यांवर एकजूट उभारली पाहिजे : विनाअनुदानित तुकड्या अनुदानावर आणा, शुल्क कमी करा, शिष्यवृत्ती वेळेवर द्या, रिक्त पदे कायमस्वरूपी भरा, माध्यमांची मालकी व श्रमिक पत्रकारांचे हक्क हे विषय सक्तीचे करा. जनतेच्या पैशाने उभारलेल्या वर्गात जनतेच्या मुलांना जागा मिळविण्याचा हा लढा आहे. तो विद्यार्थ्यांनी एकट्याने लढावयाचा नाही.