माशी मारावी की जन्मूच देऊ नये?

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातले दोन तालुके बागायतीसाठी प्रसिद्ध आहेत. कुकडी आणि घोड नद्यांच्या खोऱ्यांतील धरणांच्या पाण्यावर येथे टोमॅटो, कांदा, द्राक्षे, ऊस अशी पिके निघतात. घरोघरी दोन-चार दुभती जनावरे असतात आणि वस्तीच्या आसपास पोल्ट्रीच्या शेडही उभ्या असतात. जेथे जनावरे तेथे शेण, आणि जेथे शेण उघडे पडते तेथे माश्या, हे ओघानेच आले. पावसाळ्यात तर माशी ताटावर बसते, दुधाच्या किटलीवर बसते, तान्ह्या मुलाच्या डोळ्यांवरही बसते. हगवण आणि विषमज्वर यांसारख्या रोगांचे जंतू ती पायांवरून वाहून नेते. मग कोणीतरी दुकानातून औषधाची बाटली आणतो आणि गोठ्यात फवारतो. दोन दिवस बरे वाटते. आठवड्याने माश्या पुन्हा तेवढ्याच!

असे का होते? आणि विषाच्या बाटलीवाचून यावर काही उपाय आहे की नाही? माझे स्पष्ट मत असे आहे, की माशीचा प्रश्न हा मुळात विषाचा नाहीच. तो पाण्याचा, उष्णतेचा आणि दिवस मोजण्याचा प्रश्न आहे.

प्रथम विषाचा इतिहास पाहू. डीडीटी कीटकांना मारते हे पॉल म्यूलर या स्विस शास्त्रज्ञाने १९३९ साली दाखवून दिले आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे पारितोषिक मिळण्याच्या आधीच, १९४६ च्या सुमारास, स्वीडन व इटलीमध्ये डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या आढळल्या होत्या. कारण सोपे आहे. फवाऱ्यातून ज्या थोड्या माश्या वाचतात त्यांचीच प्रजा पुढे वाढते, आणि उन्हाळ्यात माशीची नवी पिढी साधारण दहा दिवसांत तयार होते. शेणातील अळ्या खाणारे भुंगेरे आणि कोळीवर्गीय सूक्ष्म जीव, तसेच माशीच्या कोषात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या हे माशीचे नैसर्गिक शत्रू आहेत. शेणावर विष पडले की तेही मरतात आणि त्यांची संख्या माशीइतक्या झपाट्याने भरून येत नाही. म्हणजे विष मारून आपण आपलेच पहारेकरी मारतो. शिवाय माणसाला होणारा अपाय वेगळाच. माश्यांसाठी वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या डायक्लोरव्हॉस या विषावर भारत सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी घातली ती उगीच नव्हे.

आता माशीचे आयुष्य पाहा. मादी ओलसर शेणात एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. आयुष्यात सुमारे पाचशे. एका दिवसाच्या आत अंड्यातून अळी निघते. चार-पाच दिवस ती शेणातच वाढते, मग कोरड्या जागी सरकून तपकिरी कोष करते, आणि आणखी चार-पाच दिवसांनी कोषातून माशी बाहेर पडते. याचा अर्थ असा, की सुरुवातीचा आठवडाभर शत्रू आपल्या पायाशी एकाच ढिगात निमूट पडून असतो. उडू लागल्यावर त्याच्यामागे धावण्यापेक्षा हा आठवडा गाठणे शहाणपणाचे नाही काय?

अळीला दोन गोष्टी हव्या असतात: ओलावा आणि बेताची ऊब. यांपैकी एक जरी काढून घेतली तरी ती जगत नाही.

ओलाव्याचे गणित आधी करू. ताज्या शेणात पाच भागांपैकी सुमारे चार भाग पाणी असते. दहा किलो शेणात आठ लिटर पाणी झाले. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. एप्रिल महिन्यात आपल्याकडे एक चौरस मीटर जमिनीवर दिवसभरात सुमारे ५,००० किलोकॅलरी ऊन पडते. त्यातले निम्मे कामी आले तरी चार लिटर पाणी उडून जाईल. म्हणजे दहा किलो शेण दोन चौरस मीटरवर अर्धा सेंटिमीटर जाडीने पसरले तर ते एक-दोन दिवसांत वाळेल. अळीला तर चार-पाच दिवस ओल हवी असते! पातळ थापलेल्या गोवरीत माशी का वाढत नाही आणि गोठ्याच्या कोपऱ्यातल्या ओल्या ढिगात का वाढते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

परंतु पावसाळ्यात ऊन कोठून आणायचे? भीमाशंकर आणि नाणेघाटाच्या बाजूला तर आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. शिवाय शेण वाळवले की त्यातला काही नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जातो आणि खत हलके होते. तेथे दुसरा उपाय, उष्णतेचा. शेण कुजताना आतले सूक्ष्म जीव उष्णता निर्माण करतात. ही उष्णता ढिगाच्या घनफळावर अवलंबून असते. ती बाहेर जाते मात्र पृष्ठभागातून. ढिगाची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली की घनफळ आठपट होते, पृष्ठभाग चौपटच. म्हणून विखुरलेले पो थंड राहतात आणि मीटरभर उंचीचा चांगला रचलेला ढीग आतून ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. या तापमानात अळी जगत नाही.

पण अळी हुशार असते. ती ढिगाच्या थंड बाह्य थरात येऊन राहते. फ्रेंच शास्त्रज्ञ रुबो यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच यावर तोड सुचवली होती: ताजे शेण ढिगाच्या वर टाकू नका, ते आतल्या तापलेल्या भागात पुरा. ढीग दर आठवड्याला उलटला की बाहेरचा थर आत जातो, तोही याच कारणाने उपयोगी. आपल्या महाराष्ट्रातही विदर्भातील पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांच्या नावावरून ओळखली जाणारी ‘नाडेप’ पद्धत आहे. तीत विटांच्या टाक्यात काडीकचरा, शेण व माती यांचे थर देऊन वरून शेणमातीने लिंपतात. नुसती भुसभुशीत माती टाकून मात्र भागत नाही. कोषातून निघालेली माशी तिच्यातून वाट काढते. लिंपण घट्ट हवे, किंवा ढिगावर प्लॅस्टिकचा कागद कडा दाबून अंथरावा.

पोल्ट्रीची गोष्ट थोडी निराळी. तेथे खरा अपराधी अनेकदा गळका नळ असतो. सेकंदाला एक थेंब गळाला तर दिवसात चार लिटरांहून अधिक पाणी खाली पडते. पिंजऱ्याखालची विष्ठा कोरडी राहिली असती, ती चिखल होते आणि अळ्यांनी वळवळू लागते. वॉशर बदलण्याचा खर्च विषाच्या एका बाटलीपेक्षा निश्चितच कमी आहे.

कोणी म्हणेल, हे सगळे पुस्तकात ठीक, पण रोज शेण उपसायचे कोणी? आक्षेप खरा आहे. हे काम बहुतेक घरांत आई आणि मुली करतात. त्यांच्या डोक्यावर आणखी एक घमेले देणारा उपाय मी उपाय मानणार नाही. म्हणून गोठ्याच्या तळाला उतार द्यावा, मुताला वाहून जायला चारी असावी, खताचा ढीग गोठ्यापासून हातगाडीने सहज जाता येईल अशा अंतरावर असावा, आणि ढीग उलटण्याचे जड काम घरातल्या पुरुषांनी करावे. आठवड्याचा एक वार ठरला की ते अवघड नाही.

दुसरी गोष्ट, हे एकट्याचे काम नव्हे. माशी दोन-तीन किलोमीटर सहज उडत जाते. तुमचा ढीग लिंपलेला आणि शेजारचा उघडा असेल तर माश्या तुमच्याकडे येणारच. त्यावरून भांडणे करण्यापेक्षा सगळ्या वाडीने एकच वार ठरवावा. धुराची फवारणी त्या दिवशी उडणाऱ्या माश्या मारते. उद्या कोषातून निघणाऱ्यांना तिचा पत्ताही नसतो. ग्रामपंचायतींनी हा पैसा खताच्या खड्ड्यांसाठी द्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

यात शाळेलाही काम आहे. साडेसात सेंटिमीटर रुंद आणि साडेबारा सेंटिमीटर लांब असे पांढरे कार्ड गोठ्यात, माश्या बसतात तेथे टांगा. आठवड्याने त्यावरचे काळे ठिपके मोजा. माशी बसली की विष्ठेचा किंवा लाळेचा ठिपका सोडते. आठवड्यात शंभरावर ठिपके पडले तर माश्या फार झाल्या असे समजतात. एका गोठ्यात ढीग लिंपा, दुसऱ्यात नेहमीसारखा ठेवा, आणि दोन्हींचे आलेख दोन महिने काढा. दोन्ही गोठे मात्र एकमेकांपासून बरेच दूर हवेत. का, ते तुम्हीच सांगा! कार्डाला हात लावल्यावर साबणाने हात धुवायला विसरू नका. शिक्षकांनी हे आलेख ग्रामसभेपुढे मांडावेत. ‘औषध चांगले की लिंपण चांगले’ या वादाचा निकाल मोजलेल्या आकड्यांवरून लागू द्या.