नोटीस फाडू नका, उत्तर द्या



आज हरभऱ्याच्या मर रोगावर लिहिणार होतो. पण परवा शेजारच्या गावातला एक जण वकिलाची नोटीस घेऊन घरी आला. ट्रॅक्टरला कोणाची तरी मोटारसायकल घासली होती. नोटीस येऊन महिना झालेला आणि हा म्हणतो, "तात्या, पारावर सगळे म्हणले फाडून टाक, काय होतंय." म्हणून आज मर बाजूला ठेवतो आणि माझं स्वतःचं सांगतो.

मागच्या हंगामात पुतण्या लातूरला सोयाबीन घालून रिकामी ट्रॉली घेऊन येत होता. ढोकीच्या पुढं, दिवस मावळायच्या वेळी, फाट्यावर वळायला त्यानं वेग कमी केला आणि मागून येणारी कार ट्रॉलीच्या कोपऱ्याला लागली. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. कारचा एक दिवा फुटला, बंपर फाटला. गाडीवाला जागेवर २० हजार मागायला लागला. पोरानं मला फोन लावला. मी म्हनलं, "आधी फोटो काढ, मग गाड्या हलवा." त्यानं चार फोटो काढले. पैसे दिले नाहीत, नाव-नंबर दिला.

दीड महिन्यानं नोटीस आली. आकडा ६४,५०० रुपये. दिवा-बंपर १८,५००, बॉनेट आणि रंग २१,०००, भाड्याची गाडी १५,०००, मनस्ताप १०,०००. ड्रायव्हर बेदरकार होता असंही लिहिलेलं. त्या दिवसापासून पुतण्या ट्रॅक्टरला हात लावीना. गावात लगेच झालं, पोरगं बेभरवशाचं आहे. मला पैशापेक्षा ते जास्त लागलं.

सल्ले दोनच मिळाले. एक, देऊन टाका, कोर्टाची पायरी नको. दोन, फाडून टाका, कोणी काही करत नाही. माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही सल्ले सारखेच वाईट. दोन्हीत आपण आपली बाजू मांडतच नाही.

आता असं बघा. गारपिटीनं पीक गेलं की ७२ तासांच्या आत विम्याची तक्रार नोंदवायला आपण रात्री डोंगरावर चढून रेंज शोधायचो. कारण मुदत गेली की हक्क गेला, हे आपल्याला पक्कं माहीत झालंय. कोर्टाचंही तसंच आहे. दिवाणी दाव्याचं समन्स मिळालं की लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस असतात. सबळ कारण असेल तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत वाढवून देतं. आणि दाव्यातली जी गोष्ट तुम्ही मुद्देसूद नाकारली नाही, ती तुम्ही कबूल केली असं धरलं जाऊ शकतं. हजरच राहिला नाहीत तर दावा एकतर्फी चालतो, हुकूमनामा होतो आणि मग वसुली दारात येते. एकतर्फी निकाल रद्द करून घेता येतो, पण त्याला हजर न राहण्याचं खरं कारण दाखवावं लागतं. पारावरच्या लोकांनी सांगितलं, हे कारण तिथं चालत नाही.

मी काय केलं ते सांगतो. तालुक्याच्या वकिलाकडं गेलो आणि नोटिशीला ओळीनं उत्तर दिलं. कोणती गोष्ट मान्य, कोणती अमान्य आणि का. मोघम "सर्व मजकूर खोटा आहे" असं लिहिलं नाही. गॅरेजचं पक्कं बिल मागितलं. गाडीच्या स्वतःच्या विम्यातून पैसे मिळाले का तेही विचारलं, कारण एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत. आणि ते चार फोटो जोडले. फोटोत बॉनेट धडधाकट दिसत होतं.

आता आपली बाजू. त्याच फोटोत ट्रॉलीचा एक रिफ्लेक्टर गायब होता. वकील म्हणाले, हा फोटो ठेवू का? मी म्हनलं ठेवा. पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवणं मागच्याचं काम, हे २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत आहे. पण मावळतीला ट्रॉली नीट दिसली पाहिजे, ते काम माझं होतं. पुतण्याचं नव्हे, माझं. दोष दोघांचा असेल तर भरपाईही त्या हिशोबानं वाटून घ्यावी लागते.

दुसरी चूक विम्याची. ट्रॅक्टरचा विमा होता, ट्रॉलीचा नव्हता. ट्रॉलीची नोंदणी वेगळी आणि विमाही वेगळा घ्यावा लागतो. हप्ता वाचवला होता, तो असा अंगावर आला. कंपनीनं ट्रॉली पॉलिसीत नाही म्हणून हात वर केले. तिसरी चूक, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी २४ तासांत पोलीस ठाण्यात कळवायचं असतं आणि विमा कंपनीलाही लेखी कळवायचं असतं. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कलम १३४ आहे. आम्ही कळवलं नाही.

पुढं गाडीवाल्यानं दावा टाकलाच. समन्स आल्यावर २२ व्या दिवशी म्हणणं दिलं. मग प्रकरण लोकअदालतीत गेलं. तिथं बॉनेटचं बिल समोरच्याला दाखवता आलं नाही. भाड्याच्या गाडीची पावती नव्हती. राहिले दिवा-बंपरचे १८,५००. निम्मा दोष तुमचा, निम्मा आमचा, असं म्हणत ९,००० वर मिटलं. बेदरकार हा शब्द तडजोडीत आला नाही, तेवढं मी बघून घेतलं. लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नसतं, आणि दावा टाकणाऱ्याला कोर्ट फी परत मिळते. गाडीवालाही शेवटी म्हणाला, "काका, जागेवरच एवढं बोललो असतो तर बरं झालं असतं." मीही म्हनलं, खरं आहे.

आता तुम्ही म्हणाल, वकिलाचे ६,००० धरले तर १५,००० गेले, शिवाय तीन चकरा. जागेवर घासाघीस केली असती तर तेवढ्यातच मिटलं असतं. मान्य. भांडायची हौस असावी असं माझं म्हणणं नाही. जागेवर, दोन साक्षीदारांसमोर, लिहून, रास्त रकमेत मिटत असेल तर तेच चांगलं. गावच्या तंटामुक्ती समितीत मिटलं तर त्याहून चांगलं. पण अवाच्या सव्वा आकडा आला तर घाबरून देणं किंवा गप्प बसणं, हे दोन्ही नको. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना तालुका कोर्टातच विधी सेवा समिती आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोन नंबर १५१००.

परवा आलेल्या माणसाला मी हेच सांगितलं. त्याची ती नोटीस वकिलाची होती, अजून कोर्टाचं समन्स नव्हतं, म्हणजे वेळ गेलेली नव्हती. सोमवारी तो धाराशिवला जाऊन उत्तर देऊन आला.

पुतण्या पुन्हा ट्रॅक्टर चालवतो. ट्रॉलीला मागं लाल पट्टी, दोन रिफ्लेक्टर आणि वेगळा विमा असं सगळं झालंय. तुमच्याही ट्रॉलीच्या मागं आज संध्याकाळी बॅटरी मारून बघा, काय चमकतंय ते. ऊस वाहतूक सुरू व्हायच्या आत लावून घ्या. मर रोगाचं पुढच्या वेळी लिहितो.