‘पुढच्या महिन्यात भरून टाकणार होतो’

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटाचा घोटाळा उघडकीस आला. रोज संध्याकाळी बाजारपेठेत फिरायचं, भाजीवाले, बांगडीवाल्या, पानटपरीवाले यांच्याकडून ५०-१०० रुपये गोळा करायचे, त्यांच्या पुस्तकात नोंद करायची आणि रक्कम संस्थेत भरायची, असं त्याचं काम होतं. पुस्तकात नोंद होत होती, पण संस्थेत पुरती रक्कम पोचत नव्हती. कुणाची मुदत संपली की दुसऱ्याचे पैसे त्याला द्यायचे, ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर, असं चार वर्षं चाललं. मुलीच्या शिक्षणासाठी पैसे साठवणाऱ्या एका विधवा बांगडीवालीची मुदत संपली तेव्हा मात्र फिरवायला टोपीच उरली नव्हती.

हा एजंट नमाजी होता. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, की लोक त्यालाच हाक मारत. त्यामुळे गावात दोन तट पडले. एक म्हणाला, “दाढी-टोपी सगळं ढोंग होतं. माणूस मुळातच चोर.” दुसरा म्हणाला, “तसा माणूस चांगला आहे, अडचणीत सापडला. जमातीतच मिटवा, बोभाटा नको.” मी त्याला भेटलो तेव्हा तो एवढंच म्हणाला, “चाचा, मी चोरी केली नाही. पुढच्या महिन्यात भरून टाकणार होतो.”

मला वाटतं, दोन्ही तट चुकले होते. खरी गोष्ट त्या एजंटाच्याच वाक्यात होती. तो खोटं बोलत नव्हता. चार वर्षं दर महिन्याला त्याला खरोखर वाटत होतं की पुढच्या महिन्यात आपण पैसे भरणार. घोटाळा असाच होतो. सराईत चोराला नोकरी करत बसायची गरज नसते. संस्थेतला घोटाळा बहुतेक वेळा ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे असा माणूस करतो, आणि करण्याआधी तो स्वतःची समजूत घालून घेतो.

डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञाने हेच शोधलं होतं. त्याने तुरुंगात जाऊन अफरातफरीच्या कैद्यांशी सविस्तर बोलणं केलं. त्यातून त्याने असेच लोक निवडले, ज्यांनी जबाबदारीची जागा प्रामाणिक हेतूने स्वीकारली होती आणि नंतर विश्वासघात केला होता. १९५३ साली त्याचं पुस्तक आलं. त्याचे तीन मुद्दे पुढे हिशेबनीसांना ‘फ्रॉड ट्रँगल’ या नावाने शिकवले जाऊ लागले. पहिला, पैशाची अशी अडचण जी चारचौघांत सांगता येत नाही. दुसरा, आपल्या पदामुळे ती गुपचूप सोडवता येईल ही संधी. आणि तिसरा, मनाची समजूत: ‘मी चोरत नाही, उसने घेतोय.’ क्रेसीचं म्हणणं असं की ही समजूत पकडलं गेल्यावर सुचलेली सबब नसते. ती आधी तयार होते आणि हात मागाहून गल्ल्यात जातो.

हे तिन्ही मुद्दे आपल्या समाजाला लावून पाहू.

सांगता न येणारी अडचण म्हणजे काय? आपल्याकडे ती बहुधा इज्जतीची असते. बहिणीच्या लग्नात हजार माणसांचं जेवण, भावाच्या आखातातल्या व्हिसासाठी एजंटाला दिलेले लाख, मोबाइलवरच्या शेअर बाजारात बुडालेली रक्कम. आपल्याकडे कर्ज-ए-हसना म्हणजे बिनव्याजी उसनवारीची परंपरा आहे. तिचं कौतुक आपण खूप करतो. पण ती मागणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी मोहल्ल्याच्या चहाच्या टपरीवर चघळलं जातं. मग माणूस काय करतो? मागण्यात बेइज्जती आणि गुपचूप घेण्यात निदान आजची इज्जत शाबूत, असं गणित त्याला दिसतं. आमच्या एजंटाची सुरुवात बहिणीच्या ऑपरेशनपासून झाली होती. त्याने मशिदीत उभं राहून मदत मागितली असती तर मिळाली असती, असं आज सगळे म्हणतात. मागितल्यावर आपण काय बोललो असतो, ते मात्र कुणी सांगत नाही.

मनाच्या समजुतीचं काम शब्द करतात. कार्यालयात कुणी ‘लाच’ घेत नाही. चहापाणी घेतो, चिरीमिरी घेतो. कुणी ‘चोरलं’ म्हणत नाही. वापरलं, फिरवलं, ॲडजस्ट केलं म्हणतो. खोटी बिलं लावणारा ‘सगळेच लावतात’ म्हणतो आणि कामाच्या वेळी गायब असणारा ‘पगार तरी किती देतात’ म्हणतो. आपल्यात आणखी एक समजूत आहे, जी आपण परक्यांसमोर उच्चारत नाही: ‘बँक व्याजावर चालते, सरकार आपल्याला तसंही काही देत नाही, मग तिथून घेतलं तर पाप कसलं?’ आणि तिच्या जोडीला: ‘मी त्यातून जकात काढतो, मदरशाला देतो.’ अशा खुलाशांनी हराम हलाल होत नाही, फक्त झोप लागते. हे इतर धर्मीयांतही चालतं, हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्याच्या अंगणातला कचरा मोजून आपलं अंगण स्वच्छ होत नाही.

भेटवस्तूचीही तीच गत. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. जकात वसूल करायला पाठवलेला एक माणूस परत आला आणि म्हणाला, हे तुमचं आणि हे मला भेट मिळालेलं. पैगंबरांनी सर्वांसमोर विचारलं, हा आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती का? सणासुदीला कंत्राटदाराकडून आलेला डबा उघडण्याआधी प्रत्येक नोकरदाराने स्वतःला हाच प्रश्न विचारावा. भेट खुर्चीला आलेली असते, आपल्याला नव्हे.

आता ‘चांगला माणूस’ या मुद्द्याकडे येऊ, कारण आपण सगळ्यात जास्त फसतो ते इथेच. सत्यम कॉम्प्युटर्सच्या रामलिंग राजूंनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली, की कंपनीच्या ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. सुरुवात खरा नफा आणि कागदावरचा नफा यांतल्या लहानशा फरकापासून झाली आणि वर्षानुवर्षं तो फरक फुगत गेला, असं त्यांनीच लिहिलं. ह्याच राजूंनी २००५ मध्ये आंध्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उभी केली होती. ह्याच सत्यमला २००८ मध्ये उत्तम कारभारासाठी पुरस्कार मिळाला होता. पुढे तो काढून घेतला गेला. २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवलं. मग रुग्णवाहिका ढोंग होती का? नाही. तिने खरोखर जीव वाचवले. माणूस एका हाताने सत्कर्म आणि दुसऱ्या हाताने अपहार करू शकतो, एवढंच त्यातून दिसतं. किंबहुना पहिल्या हाताचं सत्कर्म दुसऱ्या हाताला मोकळीक देतं: मी इतकं केलंय, एवढं तर चालेल. म्हणून कुणी नमाजी आहे, दानशूर आहे, कार्यकर्ता आहे, हे त्याचा हिशोब न तपासण्याचं कारण होऊ शकत नाही.

दुसऱ्या तटाची चूक याच्या उलट आहे. त्यांना सगळा दोष एका माणसात दिसतो. एक नासका आंबा अढी नासवतो, तो काढून टाकला की झालं. पण अढीच चुकीची रचली असेल तर? अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत वरून टार्गेट ठरलं होतं की प्रत्येक ग्राहकाला बँकेची अनेक खाती, कार्डं, योजना विकायच्या. टार्गेट पूर्ण होईना, नोकरी जाण्याची भीती, म्हणून कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावावर लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये प्रकरण बाहेर आलं तेव्हा सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचं उघड झालं. हे ५,३०० जण जन्मजात लबाड होते, असं कोण म्हणेल? आपल्याकडेही मुदत ठेव ठेवायला आलेल्या निवृत्त शिक्षकाच्या गळ्यात विम्याची पॉलिसी मारणारा बँकेतला तरुण राक्षस नसतो. महिनाअखेरचा आकडा त्याच्या मानगुटीवर बसलेला असतो. त्याला यातून सुटका नाही, जबाबदारी त्याचीही आहे. पण आकडा ठरवणारा साहेब मात्र अशा वेळी ‘नैतिकता’ या विषयावर कार्यशाळा घेत असतो.

तिसरा मुद्दा संधीचा. त्यावर उपाय करणं सगळ्यात सोपं, पण तोच आपण करत नाही, कारण हिशोब विचारला की आपल्याकडे अपमान होतो. मुंबईत पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेतून वर्षानुवर्षं हमीपत्रं बाहेर जात होती. ती ज्या स्विफ्ट यंत्रणेतून जात ती बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीला जोडलेली नव्हती, त्यामुळे बँकेच्या वहीत त्यांची नोंदच होत नसे. बँकेच्या म्हणण्यानुसार, त्या टेबलावरचा अधिकारी २०१७ मध्ये निवृत्त झाला, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याच कंपन्या पुन्हा हमीपत्र मागायला आल्या तेव्हा नव्या लोकांनी तारण म्हणून रोख रक्कम मागितली. आजवर तर कधी लागली नाही, असं उत्तर आलं आणि सगळं उघडं पडलं. फेब्रुवारीत बँकेने जाहीर केलेला आकडा ११,००० कोटींहून मोठा होता. खुर्चीवर दुसरा माणूस बसला आणि त्याने एक साधा प्रश्न विचारला, एवढंच घडलं होतं. संवेदनशील जागेवरच्या बँक कर्मचाऱ्याला दरवर्षी आगाऊ न कळवता किमान दहा कामाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो याच कारणासाठी. कधीही रजा न घेणाऱ्या कॅशियरचा आपण सत्कार करतो. आधी त्याला रजेवर पाठवून वह्या बघायला हव्यात.

इथे काही जण म्हणतील, अशाने विश्वास उरणार नाही. आपल्यात शब्दाला किंमत आहे, अमानत ही इमानाची गोष्ट आहे. बरोबर, अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, आणि तिच्यातली खयानत हा मोठा गुन्हा. पण कुरआनातली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे? उधारीच्या व्यवहाराबद्दल. तो लिहून ठेवा, लिहिणारा निःपक्ष असू द्या, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असं ती आयत सांगते. हे इमानदारांना उद्देशून सांगितलं आहे, चोरांना नाही. चांगल्या माणसालाही मोह होतो, विसर पडतो, अडचण येते, हे गृहीत धरूनच लेखणी आणि साक्षीदार मध्ये आणले आहेत. आपण मात्र लेखणी बाजूला ठेवली आणि ‘आपलाच माणूस आहे’ हा दाखला पुरेसा मानला.

आणि कुणी बोललंच तर? सत्येंद्र दुबे हा आयआयटी कानपूरचा अभियंता राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पाहून गप्प बसला नाही. त्याने २००२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंतीही केली. ते नाव गुप्त राहिलं नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याचा खून झाला. गैरव्यवहाराची माहिती देणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, पण त्यानंतरही वर्षानुवर्षं तो लागू झाला नाही. सरकारला दोष द्यावाच. पण आमच्या गावातही एका कारकुनाने दोन वर्षं आधी त्या एजंटाच्या पावत्यांबद्दल शंका काढली होती. ‘आपल्याच माणसाची बदनामी करतोस?’ म्हणून त्याला गप्प बसवणाऱ्यांत दिल्लीचं कुणी नव्हतं. आपणच होतो. तेव्हा त्याचं ऐकलं असतं तर बांगडीवालीचे पैसे वाचले असते, आणि तो एजंटही वाचला असता.

आमच्या मशिदीच्या दाराशी एक काळा फळा आहे. दर जुम्म्याला किती चंदा जमा झाला, वीजबिल किती, शिल्लक किती, ते खडूने लिहिलेलं असतं. फळ्यावर आकडा लिहिला म्हणून आजवर एकाही मुतवल्लीला अपमान वाटलेला नाही. हा फळा पतसंस्थेत, शाळेच्या ट्रस्टमध्ये, कब्रस्तान कमिटीत, दुकानाच्या भागीदारीत का नको? प्रत्येकाला, विशेषतः चांगल्या माणसाला, हिशोब विचारायला आपण कधी सुरुवात करणार? ‘पुढच्या महिन्यात’ हे उत्तर मी एकदा ऐकलं आहे.