पोरगं बिघडलं म्हणून रानात धाडायचं?



दहावीला नापास झालेला मुलगा शाळेचे नाव काढत नाही. दिवसभर पानटपरीवर, रात्रभर मोबाईलवर. विचारले तर अंगावर धावून येतो. बापाचा हात उठतो, आई पदराने डोळे पुसते आणि शेजारीपाजारी सल्ला देतात, "धाडा कुठेतरी लांब, येईल ताळ्यावर!"

अमेरिकेत याच सल्ल्याचा मोठा धंदा झाला. अशा मुलांना आठवडेच्या आठवडे रानात ठेवायचे, चालवायचे, अन्न शिजवायला लावायचे, सोबत समुपदेशक. काही मुले त्यातून सावरलीही. पण अनेकांना मध्यरात्री अंथरुणातून उचलून बळजबरीने नेले गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलिना राज्यातील अशा एका शिबिरात १२ वर्षांचा मुलगा दाखल झाल्यापासून चोवीस तासांच्या आत दगावला. पुढे त्या शिबिराचा परवाना रद्द झाला. डिसेंबर २०२४ मध्ये अशा संस्थांमधील मुलांच्या छळाला आळा घालण्यासाठी तेथे कायदाही झाला.

मग रान वाईट काय? मुळीच नाही. २५ मे २०१४ रोजी पूर्णा मालावत आणि आनंद कुमार यांनी एव्हरेस्ट सर केले. दोघेही तेलंगणातील सरकारी समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. पूर्णा तर चौदा वर्षांचीही झाली नव्हती. ती मुले बिघडलेली नव्हती. पण गरिबांच्या मुलांवर विश्वास टाकून, भोंगीरच्या कातळापासून पायरीपायरीने शिकवले, तर ती कुठवर जातात हे त्यांनी दाखवले.

नुसते रानच औषध असते, तर पाथर्डी-शेवगावकडून आई-बापांबरोबर ऊसतोडीला जाणारी आपली लेकरे सर्वांत सुखी असती. उघड्यावरच्या कोपीत त्यांची शाळा बुडते, बालपण सरते. म्हणजे गुण झाडा-डोंगरांचा नाही, बरोबर चालणाऱ्या माणसाचा आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अंगुलिमालाची कथा मुद्दाम घेतली आहे. लोकांनी नको म्हटले तरी भगवान एकटे, हाती शस्त्र न घेता त्याच्या वाटेने गेले. बेड्या घालून त्याला आणवले नाही. सिगाल सुत्तातही मुलाला वाईटापासून परावृत्त करणे, चांगल्याकडे वळवणे आणि हुन्नर शिकवणे ही आई-बापांची कर्तव्ये सांगितली आहेत. मुलाला हाकलून देणे त्यात कुठेच नाही.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातच अकोले तालुक्यात महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर आहे, १६४६ मीटरचे कळसूबाई. पावसाळा टाळून, वाट माहीत असलेला माणूस सोबत घेऊन, बारी गावातून एखाद्या रविवारी मुलासह चढा. लोखंडी शिड्यांवर त्याला पुढे होऊ द्या. पाण्याचा हिशेब त्याच्याकडे सोपवा. वाटेत मार्कांचा विषय काढू नका, शेजारच्या पोराशी तुलना नको. वर्गात किंवा वसतिगृहात कोणी जातीवरून हिणवले का, ते तो आपणहून बोलेल तेव्हा मध्ये न बोलता ऐका. एका डोंगराने पोरगा सुधारणार नाही; पण बोलणे सुरू होईल. महिन्याला एक दिवस तरी असा काढा.

मात्र व्यसन जडले असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा असेल, तर डोंगर नंतर, आधी डॉक्टर. 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर केव्हाही बोलता येते. त्यात लाज कसली? ताप आला की दवाखाना गाठतोच ना आपण!

नमो बुद्धाय, जयभीम.