मोटारीचा धूर आणि परीक्षेची चिठी

आमच्या शाळेंतून बाहेर पडलेल्या तरुणांपैकीं बरेच जण आज मोटारींच्या दुरुस्तीच्या धंद्यांत आहेत, व त्यांहून अधिक जण स्वतःची मोटार बाळगण्याइतके सुखवस्तु झाले आहेत. हे जुने विद्यार्थी भेटावयास आले म्हणजे पूर्वीं क्रिकेटच्या व नोकरीच्या गोष्टी निघत. अलीकडे पुष्कळदां निराळाच विषय निघतो. धूर बाहेर टाकणारी नळी व सायलेन्सर बदलून मोठे बसविले तर गाडी अधिक जोरानें धांवते, तिचा आवाज भारदस्त होतो, आणि तरीहि 'पी.यू.सी.'ची परीक्षा ती उतरते. मग यांत वाईट काय, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न प्रामाणिक आहे. पण त्याचें उत्तर एका वाक्यांत देण्यासारखें नाहीं, म्हणून वार्षिकाचीं दोन पानें आम्ही त्यास देत आहों.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. गाडी सुधारण्याची हौस ही निंद्य गोष्ट आहे असें आम्हांस वाटत नाहीं. यंत्र उघडून तें कां चालतें हें पाहण्याची इच्छा ज्या मुलास होते, त्यास आम्ही पहिल्या बांकावर बसवूं. आमचा आक्षेप आहे तो 'परीक्षा उतरली म्हणजे झालें' या शब्दांवर. शिक्षकाच्या कानांस हे शब्द फार जुन्या ओळखीचे आहेत.

प्रथम यंत्राची गोष्ट. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण एंजिनांत जळतें आणि जळलेला वायु धक्क्याधक्क्यानें बाहेर पडतो. त्याच्या मार्गांत अडथळा असेल तर तो बाहेर ढकलण्यांत एंजिनची कांहीं शक्ति खर्ची पडते, हें खरें. परंतु नळी जितकी रुंद तितकी शक्ति अधिक, हा समज मात्र भ्रामक आहे. वायूचा वेग चांगला असला म्हणजे एक धक्का पुढें जातांना मागच्या धक्क्यास ओढून नेतो; नळी फाजील रुंद केली तर तो वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवर गाडी उलट सुस्त होते. ८०–९० अश्वशक्तीच्या साध्या मोटारीस नवा सायलेन्सर लावून मिळणारी वाढ फार थोडी असते. टर्बो असलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी; तेथें लाभ दिसण्याइतका होतो. बाकीच्यांना जें लाभतें तें बहुतेक कानांस लाभतें, चाकांस नव्हे.

आतां या नळीच्या वाटेंत एक लहानशी पेटी असते, तिच्याकडे वळूं, कारण सगळा वाद तिच्यापाशींच आहे. तिचें नांव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आंत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीच्या जातीची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मोलवान धातूंचा पातळ लेप असतो. हे धातु स्वतः खर्च होत नाहींत. त्यांच्या सान्निध्यांत कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायॉक्साइड होतो, न जळलेलें पेट्रोल जळून जातें, आणि नायट्रोजनचे ऑक्साइड फुटून पुन्हां साधा नायट्रोजन होतो. पेटी सुस्थितींत व पुरेशी तापलेली असेल तर या तिन्ही विषांचा नऊदशांशाहून अधिक भाग ती नाहींसा करते. मात्र हवा व पेट्रोल यांचें प्रमाण वजनानें १४.७ ला १ याच्या अगदीं आसपास राहिलें पाहिजे. तें राखण्यासाठीं नळींत प्राणवायु मोजणारा एक संवेदक बसविलेला असतो, आणि पेटी आपलें काम करते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तिच्या पुढें दुसरा.

ही पेटी कोणा सरकारी अधिकाऱ्याच्या लहरींतून निघालेली नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लॉस एंजेलिस शहरावर पिंगट धुक्याचें आवरण पडूं लागलें. लोकांचे डोळे झोंबत, पिकें करपत. हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञानें १९५० च्या सुमारास दाखवून दिलें कीं, मोटारींच्या धुरांतील न जळलेलें इंधन व नायट्रोजनचे ऑक्साइड यांवर ऊन पडून हें धुकें तयार होतें. यूजीन हूद्री या फ्रेंच इंजिनिअरनें त्याच दशकांत अमेरिकेंत धूर शुद्ध करणारीं उत्प्रेरक साधनें बनविलीं. परंतु पेट्रोलमध्यें शिसें मिसळलेलें असे व तें उत्प्रेरकास निकामी करी, म्हणून त्यांचा मोटारींवर सार्वत्रिक उपयोग होण्यास १९७५ साल उजाडावें लागलें. आमच्या देशांत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींवर ही पेटी १ एप्रिल १९९५ पासून आली, आणि २००० च्या फेब्रुवारीपासून सर्व देशांत शिशाविरहित पेट्रोल मिळूं लागलें. ज्यांस वरील तीन वायूंचा केवळ पुस्तकी परिचय आहे त्यांनीं इतकें ध्यानांत ठेवावें कीं, कार्बन मोनॉक्साइड रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो आणि त्यास ना रंग ना वास.

तर मग प्रश्नाचें पहिलें उत्तर असें: बदल त्या पेटीच्या अलीकडे केला कीं पलीकडे, यावर सर्व अवलंबून आहे. पेटीच्या पलीकडील, म्हणजे शेवटची नळी व सायलेन्सर, बदलल्यानें धुराच्या शुद्धतेस फारसा धक्का लागत नाहीं. तेथें प्रश्न उरतो तो आवाजाचा. अलीकडील भागास हात लावला, पेटी काढून तेथें नुसती पोकळ नळी जोडली, किंवा दुसऱ्या संवेदकास फसविण्यासाठीं त्यास आडोसा करून दूर बसविलें, म्हणजे मात्र तो मनुष्य गाडी सुधारीत नाहीं. तो शेजाऱ्याच्या श्वासांतून आपली अश्वशक्ति काढतो. हे शब्द कोणास कठोर वाटतील. आम्हांस याहून सौम्य शब्द सुचत नाहींत.

'पण ती परीक्षा तर उतरते ना?' येथें आमच्या तरुण मित्रांनीं त्या परीक्षेंत काय विचारतात तें पाहावें. भारत स्टेज चार व सहा या मानांच्या पेट्रोल मोटारीस गाडी उभी असतां, एंजिन मंद चालत असतां, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के व न जळलेलें इंधन दहा लाखांत २०० भाग, इतकी मर्यादा आहे. शिवाय फेऱ्या वाढवूनहि एक मोजणी होते. नायट्रोजनचे ऑक्साइड तेथें कोणी विचारीतच नाहीं. उलट १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांत कारखानदारास त्याच वायूंची मर्यादा पेट्रोल मोटारीसाठीं दर किलोमीटरला ६० मिलिग्रॅम घालून दिली आहे. म्हणजे कारखान्याची परीक्षा कठीण व मालकाची सोपी. पेटी काढलेली गाडी सोप्या परीक्षेंतहि बहुधा नापास होईल, जर ती परीक्षा खरोखर घेतली तर. परंतु परीक्षेच्या दिवसापुरती जुनी पेटी पुन्हां बसवावयाची व संध्याकाळीं काढावयाची, हा प्रकार सर्वश्रुत आहे. तपासनीस येण्याच्या दिवशीं शेजाऱ्याची वही आणून दाखविणारा विद्यार्थी आम्हीं पाहिला आहे. त्याची ही मोठी आवृत्ति. आणि नळी गाडीच्या शेपटींत न घालतांच चिठी फाडून देणारें केंद्रहि आम्हीं स्वतः पाहिलें आहे. त्याचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं.

अशी लबाडी केवळ गल्लींतील गॅरेजांत होते असेंहि नाहीं. १८ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकन सरकारच्या पर्यावरण खात्यानें फोक्सवागेन कंपनीवर आरोप ठेवला कीं, तिच्या डिझेल मोटारींतील संगणक परीक्षा चालू आहे हें ओळखतो व तेवढ्यापुरता धूर शुद्ध ठेवतो. रस्त्यावर मात्र नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जातात. जगभर सुमारें १ कोटी १० लाख गाड्यांत ही युक्ति होती. त्या सर्व गाड्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या होत्या! वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठांतील कांहीं संशोधकांनीं मोजण्याचें यंत्र गाडींतच ठेवून ती रस्त्यावर चालविली, तेव्हां बिंग फुटण्यास आरंभ झाला.

आतां कायद्याविषयीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, कारखान्यानें मुळांत दिलेल्या तपशिलाशीं नोंदणीपत्रकांतील तपशील विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें हेंच कडक शब्दांत सांगितलें. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें बेकायदा फेरफारास दर फेरफारामागें ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि धूर व आवाज यांचे नियम मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद अशा शिक्षा ठेविल्या आहेत. महाराष्ट्रांतील अनेक शहरांत पोलिसांनीं जप्त केलेले बुलेटचे कर्णकर्कश सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरविल्याचीं चित्रें वाचकांनीं पाहिलीं असतील.

येथें आम्हांस सरकारास दोन शब्द ऐकवावयाचे आहेत, कारण दोष एकट्या तरुणांचा नाहीं. कॅलिफोर्नियांत धुराचे नियम अत्यंत कडक आहेत, आणि तरीहि तेथें गाडी सुधारण्याची हौस मेलेली नाहीं. याचें कारण असें कीं, धुराशीं संबंध येणारा सुटा भाग बनविणाऱ्यानें तो तेथील हवा-मंडळाकडून तपासून घ्यावयाचा, मंडळ त्यास आदेशाचा क्रमांक देतें, व तो क्रमांक भागावर चिकटविलेला असतो. तपासनीस नुसता धूर मोजीत नाहीं. झांकण उघडून तो क्रमांकहि पाहतो. पेटीच्या पलीकडील सायलेन्सरास अशा क्रमांकाची गरज नसते, त्यानें आवाजाची मर्यादा पाळली म्हणजे पुरे. आमच्याकडे हौशी माणसापुढें अशी स्वच्छ वाट नाहीं. प्रामाणिक मिस्त्री व लबाड मिस्त्री एकाच रोडरोलरखालीं येतात, आणि मग प्रामाणिकपणाचा बाजारभाव उतरतो. मान्य सुट्या भागांची अशी यादी आमच्या देशांत निघावी, मालकाच्या परीक्षेंत नायट्रोजनचे ऑक्साइड यावेत, व तपासनिसानें पेटी जागेवर आहे कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. दंड वाढवून जें साधलें नाहीं तें यानें पुष्कळ साधेल.

ती यादी निघेपर्यंत गॅरेजांत काम करणाऱ्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनीं काय करावें? गिऱ्हाईक पैसे घेऊन दारांत उभें असतें व 'तूं नाहीं केलेंस तर पलीकडचा करील' असें म्हणतें. हें म्हणणें खरें असतें, हीच अडचण. तरी पेटी काढण्याचें काम नाकारावें, असें आम्ही म्हणतों. त्याऐवजीं करण्याजोगें काम थोडें नाहीं. सांध्यांतून वायु गळत असेल तर बाहेरची हवा आंत शिरून संवेदक खोटें सांगूं लागतो. तो सांधा नीट करावा. चुकणारा स्पार्क प्लग न जळलेलें पेट्रोल पेटीवर ओततो व ती आंतून वितळते. तो वेळीं बदलावा. हवेची जाळी साफ ठेवावी. पेटी सुमारें २५० ते ३०० अंश सेंटिग्रेडला तापल्यावांचून कामास लागत नाहीं. म्हणून गाडी थंड असतां परीक्षेस नेऊं नये, वीस मिनिटें चालवून न्यावी. ही लबाडी नव्हे. परीक्षेपूर्वीं मुलांना न्याहारी करून यावयास सांगतों, तसेंच हें. अशा दुरुस्तीनें गाडी जो हरवलेला जोर परत मिळविते, तो पुष्कळदां नव्या सायलेन्सराच्या जाहिरातींत सांगितलेल्या जोराहून अधिक भरतो.

राहतां राहिला आवाज. नव्या मोटारीस कारखान्यांतून निघतांना ७४ डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचें गणित सरळ बेरजेचें नाहीं; दहा वाढले म्हणजे ध्वनीची शक्ति दहापट झाली. २००० सालच्या ध्वनि-नियमांत शाळा, रुग्णालयें व न्यायालयें यांच्या सभोंवतीं १०० मीटरपर्यंत शांतता-क्षेत्र ठरविण्याची तरतूद आहे, आणि तेथें दिवसा ५० डेसिबल ही मर्यादा आहे. आमच्या फाटकासमोरून दुपारीं ज्या गाड्या जातात त्यांच्या आवाजानें नववीच्या वर्गांत भूमितीचें प्रमेय मध्येंच थांबवावें लागतें. त्यांपैकीं एखादी चालविणारा आमचाच माजी विद्यार्थी नसेल असें छातीठोक सांगवत नाहीं. शास्त्राच्या प्रयोगशाळेंत आवाज मोजण्याचें यंत्र आहे. येत्या सत्रांत दोन विद्यार्थ्यांनीं एक आठवडा फाटकापाशीं बसून वेळ, वाहनाचा प्रकार व डेसिबल यांची नोंद वहींत करावी. ती वही घेऊन आम्ही स्वतः वाहतूक शाखेकडे जाऊं.